जुन्या गाडीतून ट्यूब चॅसीची ऑफरोड बग्गी: पाइप सगळ्यात शेवटी वाकवा

बग्गी बनवायची म्हटलं की डोळ्यापुढे आधी तो पाइपांचा पिंजरा येतो, आणि मग पहिला खर्चही पाइप आणि बेंडरवरच होतो. मी पण तसंच केलं होतं. पहिल्या बग्गीचा पिंजरा तीन आठवड्यांत उभा राहिला, दिसायला झकास होता, पण इंजिन आत बसवलं तेव्हा डाव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारी दांडी) गिअरबॉक्सकडच्या कपात जायला १४ मिलिमीटर कमी पडत होता आणि सीटवर बसलो तर हेल्मेट वरच्या पाइपला टेकत होतं. मागचा अर्धा पिंजरा ग्राइंडरने कापून काढावा लागला. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला: आधी माणूस, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग चाकं, आणि हे सगळं जागेवर बसल्यावर त्याच्याभोवती पाइप. ती बग्गी चार वर्षं झाली, अजून चालतेय. खालचा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, मधली पायरी सोडू नका.

मी सांगतोय ती दोन सीटची बग्गी आहे, इंजिन मागे, मागची चाकं ओढणारी. पार्ट्स एका जुन्या छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचे, म्हणजे जिचं इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला असतो तशी गाडी. कल्पना काही नवीन नाही, १९६४ मध्ये ब्रूस मायर्सने फोक्सवॅगन बीटलचं इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन वापरून फायबरग्लासची मायर्स मँक्स बनवली आणि तिथून हा नाद जगभर पसरला. बीटलचं इंजिन मुळातच मागे होतं. आपल्याला पुढचं इंजिन उचलून मागे न्यायचंय, एवढाच फरक.

१. आधी कागद आणि जागा

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी घरी बनवलेल्या चॅसीला वेगळी तपासणी आणि मंजुरी लागते. तुमच्याकडच्या वाहन नोंदणी कार्यालयात काम सुरू करायच्या आधी विचारा, पिंजरा झाल्यावर विचारून उपयोग नाही. मी माझी बग्गी फक्त खाजगी जमिनीवर चालवतो आणि तिथे ट्रेलरवर नेतो.

एका फाइलमध्ये हे जमवून ठेवा:

- जुन्या गाडीचे मालकीचे कागद आणि विक्रीची पावती
- तिच्यावर कर्ज, दंड किंवा चोरीची नोंद नाही याची खात्री
- गाडी मोडीत काढल्याची किंवा नोंदणी रद्द केल्याची नोंद, जिथे लागते तिथे
- इंजिन नंबर आणि चॅसी नंबरचे स्पष्ट फोटो, गाडी कापायच्या आधी काढलेले
- पाइपचं बिल, त्यावर पाइपचा ग्रेड आणि माप लिहून घेतलेलं
- जिथे चालवणार त्या जमीनमालकाची लेखी परवानगी

चॅसी नंबरचा तुकडा कापून टाकून देऊ नका. उद्या कुणी इंजिन कुठून आणलं विचारलं तर तोच तुमचा पुरावा.

२. गाडी निवडताना

गंज खाल्लेली, ठोकलेली, दारं नसलेली चालेल, पण इंजिन आणि गिअरबॉक्स सुरू अवस्थेत पाहिजे. स्वतः चालवून बघा, सगळे गिअर टाका, रिव्हर्ससुद्धा. कडेला लागलेली गाडी असेल तर निदान इंजिन सुरू करून, जॅकवर चढवून चाकं फिरवून बघा. "थोडंसं काम आहे फक्त" असं विकणारा म्हणाला तर ते काम त्यानेच का केलं नाही हा विचार करा.

कार्ब्युरेटरची गाडी मिळाली तर वायरिंगची डोकेदुखी अर्धी कमी होते. इंजेक्शनची गाडी असेल तर एक गोष्ट विसरू नका: इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), किल्ली, किल्लीच्या भोवतीची रिंग आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणारा) डबा हा एक संच आहे. यातलं एक जरी हरवलं तर इंजिन फिरेल पण पेटणार नाही. माझ्या ओळखीच्या एकाने इंजिन आणलं, इसीयू आणला आणि किल्ली भंगारात गेली, त्याचे दोन महिने त्यात गेले.

गिअर बदलायला केबल असलेली गाडी घ्या, दांडीवाली टाळा. केबल लांब करून घेता येते, वळवता येते. दांडीचे सांधे मागच्या इंजिनापर्यंत न्यायचे म्हणजे प्रत्येक सांध्यात थोडा थोडा ढिलेपणा येतो आणि शेवटी तिसरा गिअर शोधावा लागतो.

३. मोडायच्या आधी मापं

हा दिवस घाईत घालवू नका. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, आणि कापायच्या आधी हे लिहून घ्या:

- चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची, चारही बाजूंनी
- जमिनीपासून सबफ्रेमच्या (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) चारही बोल्टांची उंची
- सबफ्रेमच्या बोल्टांपासून स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) वरच्या बोल्टांपर्यंतचं अंतर, तिन्ही दिशांनी: उभं, आडवं आणि पुढे-मागे
- ड्राइव्ह शाफ्ट जमिनीशी किती तिरका बसलाय
- इंजिन किती अंशात कललंय, व्हॉल्व्ह कव्हरवर लेव्हल ठेवून

स्ट्रटच्या वरच्या टोकाचं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण चाकाचा कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) आणि कास्टर (वळायचा अक्ष पुढे-मागे किती कललाय) तिथूनच ठरतो. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा, सगळ्या खुणा झाल्या की टेपने मोजा. शक्य असेल तर स्ट्रट जिथे बसतो ती पत्र्याची वाटी अख्खी कापून ठेवा, पुढे ती नवीन चॅसीला वेल्ड करता येते आणि बोल्टांचं अंतर आयतं बरोबर मिळतं.

वायरिंग काढताना प्रत्येक कनेक्टरला दोन्ही बाजूंनी कागदी टेपची चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. लूम (वायरींचा जुडगा) कापू नका, अख्खा बाहेर काढा. तासन्‌तास लागतात पण नंतर एकेक वायर शोधण्यापेक्षा परवडतं.

आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ग्राइंडर, वेल्डिंग, काहीही नको. टाकी रिकामी दिसते तेव्हा आत वाफ असते आणि भडका वाफेचाच उडतो. बॅटरी आणि टाकी सगळ्यात पहिल्यांदा काढून दुसरीकडे नेऊन ठेवा, मगच पहिली ठिणगी.

४. हत्यारं

पाने, सॉकेट, जॅक, घोडे हे तर लागतातच. त्याशिवाय:

- टॉर्क रेंच
- मिग वेल्डिंग मशीन, किंवा चांगला हात असेल तर आर्कचं
- ग्राइंडर दोन, एकाला कटिंग व्हील आणि एकाला फ्लॅप डिस्क, म्हणजे सारखं बदलत बसायला नको
- रोटरी ड्रॉ बेंडर (पाइप गोल साच्याभोवती ओढून वाकवणारा), पाइपच्या मापाच्या डायसह (डाय म्हणजे तो साचा)
- होल सॉ आणि पाइप नॉचर
- डिजिटल अँगल गेज, गुण्या, ओळंबा, सुतळी, लांब टेप
- इंजिन उचलायला चेन ब्लॉक किंवा क्रेन
- वेल्डिंगचं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, धुराचा मास्क, अग्निशामक

बेंडर विकत घेऊ नका, भाड्याने मिळतो का बघा. किंवा सगळी मापं तयार करून वाकवण्याचं काम फॅब्रिकेशनवाल्याकडून एका दिवसात करून घ्या. बेंडर एकदाच लागतो.

५. माणूस बसवा, इंजिन ठेवा, चाकं लावा

सगळी बग्गी इथेच बनते.

जमिनीवर खडूने मध्यरेषा मारा, अगदी सरळ, सुतळी ताणून. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या रेषा तिला काटकोनात. काटकोन तपासायला कर्ण मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत, माझा नियम २ मिलिमीटरच्या आत. दोन सीटच्या बग्गीला व्हीलबेस साधारण २.२ ते २.४ मीटर ठेवा. कमी ठेवलात तर चढावर पुढची चाकं हलकी होतात, जास्त ठेवलात तर उंचवट्यावर पोट घासतं.

आता टेकू द्यायला लाकडाचे ठोकळे घ्या आणि इंजिन, गिअरबॉक्स, सबफ्रेम हे सगळं एकत्र, जसंच्या तसं मागे सरकवा. ठोकळ्यांची उंची अशी की गाडी भरल्यावर जिथे बसणार तिथे चाकाचा मध्य यावा. जसंच्या तसं म्हणजे तोंड न फिरवता. पुष्कळ जण जागेच्या सोयीसाठी इंजिन १८० अंशात फिरवून ठेवतात, आणि मग बग्गीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार-पाच गिअर मिळतात. चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे तर युनिटचं तोंडही आधी होतं तिकडेच पाहिजे.

मग सीट. प्लायवूडच्या फळीवर सीट ठेवा, तुम्ही आणि तुमच्यापेक्षा उंच एक माणूस असे दोघं आळीपाळीने हेल्मेट घालून बसा. स्टिअरिंगच्या जागी काठी धरा, पायाखाली पेडलच्या जागी ठोकळा ठेवा आणि पंधरा मिनिटं तसेच बसून राहा. गुडघा दुखला, मान वाकली, कोपर कुठे लागलं तर आत्ताच बदला. विद्यार्थ्यांच्या बाहा एसएई स्पर्धेचे नियम इथे उपयोगी पडतात: डोक्याला हेल्मेटपासून १५२ मिलिमीटर मोकळी जागा आणि खांदा, कोपर, गुडघा, हात यांना ७६ मिलिमीटर. पिंजरा उलटताना वाकतो आणि सीटचा पट्टा ताणतो, त्या दोन्हीसाठी ती जागा आहे.

आता विजेच्या फिटिंगचा स्वस्त प्लास्टिक पाइप आणा आणि पिंजरा त्याचा बनवा. टेप आणि तारेने बांधा. आत बसा, बाहेर पडा, पाच वेळा. अपघातात दार म्हणून हीच जागा असणार आहे. ऑइल फिल्टरपर्यंत हात जातो का, प्लग काढता येतो का, गिअरबॉक्स खाली उतरवायचा झाला तर कुठून निघेल हे सगळं बघा. मी या प्लास्टिकच्या पिंजऱ्यावर नऊ दिवस घालवले आणि त्यात मागचा आडवा पाइप तीन वेळा हलवला. लोखंडाचा असता तर एकदाही हलवला नसता, तसाच ठेवून त्याच्याशी जमवून घेतलं असतं.

६. पाइप कुठला

पाण्याचा किंवा गॅसचा पाइप नको. तो आतून काय वाहतंय त्या हिशोबाने बनवलेला असतो, त्याचं मापही आतल्या व्यासावरून सांगतात आणि धातूच्या ताकदीची हमी नसते. गॅल्व्हनाइझ्ड तर अजिबातच नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

घ्यायचा तो स्ट्रक्चरल स्टील ट्यूब. इआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल करून लांबीत वेल्ड केलेली, स्वस्त, आतून शिवण दिसते. डीओएम म्हणजे तीच ट्यूब पुढे थंड अवस्थेत मँड्रेलवरून ओढून काढलेली, मापाला जास्त अचूक आणि जास्त ताकदवान. सिमलेसला शिवणच नसते. मुख्य पिंजऱ्याला डीओएम किंवा सिमलेस, आणि जिथे जीव अवलंबून नाही अशा फुटकळ ब्रॅकेटना इआरडब्ल्यू. ४१३० क्रोमोलीचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) नाव ऐकून मोहात पडू नका, ती हलकी करायची तर वेल्डिंगही तितकंच काटेकोर लागतं, पहिल्या बग्गीला माइल्ड स्टील चांगलं.

माप: बाहा एसएईमध्ये मुख्य पाइपला २५ मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन हा मूळ हिशोब आहे, पण त्या गाड्या एका माणसाच्या आणि छोट्या इंजिनाच्या. कारचं इंजिन आणि दोन माणसं घेऊन जायचंय तर मुख्य हूप (सीटमागची पाइपची कमान) आणि वरच्या पाइपांना मी ३८ मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडी घेतली, दुय्यम पाइपांना ३२ बाय २. ३८ बाय ३ ची ट्यूब मीटरला साधारण २.६ किलो भरते, म्हणजे ४० मीटर लागली तर शंभर किलोच्या वर गेलात. आणखी एक पाइप लावू का असं वाटेल तेव्हा हा आकडा आठवा.

पिंजऱ्याचा एकच नियम लक्षात ठेवा, त्रिकोण. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. सस्पेन्शनचा, इंजिनचा, पट्ट्याचा कुठलाही भार पाइपच्या मधोमध येऊ देऊ नका, जिथे दोन-तीन पाइप एकत्र येतात त्या सांध्याशी आणा. ड्रॉइंग समोर ठेवून प्रत्येक ब्रॅकेटवर बोट ठेवा आणि विचारा, हा धक्का इथून पुढे कुठे जाणार. बोट पुढच्या सांध्यापर्यंत न पोचता मधेच थांबलं तर तिथे पाइप कमी आहे.

७. वाकवणं आणि खाचा

हायड्रॉलिक पाइप बेंडर सगळीकडे मिळतो आणि तिथेच फसायला होतं. त्याच्या डाय पाण्याच्या पाइपच्या मापाच्या असतात. सव्वा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४२.२ मिलिमीटर असतो, त्यात ३८ ची ट्यूब सैल बसते आणि वाकताना आतल्या बाजूने चेपते. चेपलेला किंवा सुरकुती पडलेला बेंड पिंजऱ्यात लावायचा नाही, बाजूला टाका. बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवा.

आधी फालतू तुकड्यावर ९० अंशाचा बेंड मारा आणि सोडल्यावर किती अंश परत येतो ते बघा, दोन-चार अंश येतोच. तेवढा जास्त वाकवायचा. बेंडमध्ये किती पाइप खर्च होतो त्याचा हिशोब सोपा आहे: त्रिज्या गुणिले अंश गुणिले ०.०१७४५. १५० च्या त्रिज्येला ९० अंशात साधारण २३६ मिलिमीटर. हे न धरता कापलात तर दोन्ही पाय लांडे निघतात. दुसरी गोष्ट, एकाच पाइपला दोन बेंड असतील तर पाइपवर लांबीभर मार्करने सरळ रेघ ओढा, नाहीतर दुसरा बेंड पहिल्याच्या पातळीत येत नाही आणि हूप पिळलेला होतो.

एक पाइप दुसऱ्यावर टेकतो तिथे टोक माशाच्या तोंडासारखं कापतात, त्याला नॉच किंवा फिशमाऊथ म्हणतात. होल सॉ पाइपच्या व्यासाचा, वंगण टाकून, हळू. ट्यूब टेकवून मागे टॉर्च धरा, उजेड दिसला तरी फट १ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. फट वेल्डने भरून काढू म्हणाल तर तो सांधा दिसायला जाड आणि आतून कच्चा होतो.

८. वेल्डिंग

वेल्डिंग येत नसेल तर पिंजरा दुसऱ्या कुशल माणसाकडून वेल्ड करून घ्या, यात कमीपणा काहीच नाही. सगळं फिटिंग तुम्ही करा, टॅक (पाइप जागेवर धरायला मारलेले वेल्डचे ठिपके) तुम्ही मारा, शेवटचा पास त्याला द्या.

स्वतः करणार असाल तर आधी परीक्षा. त्याच ट्यूबचे दोन तुकडे त्याच सेटिंगवर जोडा, थंड होऊ द्या, व्हाइसमध्ये धरा आणि मोठ्या हातोड्याने उलटा वाकवा. माझा पहिला तुकडा एका फटक्यात सुटला होता. वेल्डचा मणी अख्खा, छान खवल्यांचा, आणि खाली पाइपची बाजू चकचकीत, जशी ग्राइंडरने सोडली होती तशीच, जराही वितळलेली नाही. वरून तो सांधा फोटो काढण्यासारखा होता. करंट वाढवला, हात हळू केला, सातव्या तुकड्याला पाइप फाटला पण सांधा टिकला. तसं झाल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

३ मिलिमीटर जाडीला मिगची ०.८ ची ईआर ७० एस-६ वायर चालते. पाइपवरचं तेल, रंग, काळी खपली पांढऱ्या धातूपर्यंत घासा. पण ब्रेक क्लीनरने पुसू नका. क्लोरीन असलेला क्लीनर आर्कच्या उष्णतेत आणि उजेडात फॉस्जीन वायू बनवतो, तो विषारी आहे, थोडाही पुरतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली लांब ठेवा.

आधी सगळा पिंजरा फक्त टॅकवर उभा करा. कर्ण पुन्हा मोजा. सीट ठेवा, बसा, इंजिन आत घाला, ड्राइव्ह शाफ्ट लावा, चाक फिरवा. मगच पूर्ण वेल्ड, आणि तेही एका टोकाकडून ओळीने नाही: एक सांधा डावीकडे पुढे, पुढचा उजवीकडे मागे, असं फिरत. ओळीने केलात तर उष्णतेने अख्खी चॅसी एका बाजूला ओढली जाते. आणि झालेला वेल्ड ग्राइंड करून गुळगुळीत करू नका, तुम्ही ताकदच घासून काढताय.

९. सस्पेन्शन

मागे डोनर गाडीचं, म्हणजे जिचे पार्ट्स घेतले त्या जुन्या गाडीचं, पुढचं सस्पेन्शन आलं, म्हणजे मागच्या चाकांना अजून वळायची सोय आहे. ती बंद करायची. टाय रॉडचं (चाक वळवणारी दांडी) आतलं टोक चॅसीला ब्रॅकेट करून पक्कं करा, पण ब्रॅकेट कुठेही नको: टाय रॉड लोअर आर्मइतकाच लांब आणि त्याला समांतर पाहिजे, आतली टोकंही आर्मच्या आतल्या टोकांच्या रेषेत. नाहीतर चाक वर-खाली झालं की स्वतःच वळतं आणि वेगात मागचा भाग सापासारखा हलतो. मागे किंचित टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा थोड्या आत) ठेवा.

मागच्या चाकाचा प्रवास ड्राइव्ह शाफ्ट ठरवतो. शॉकअप कितीही लांब लावा, आतला जॉइंट ठराविक कोनापुढे अडकतो किंवा कपातून निसटतो. चाक पूर्ण खाली सोडून हाताने फिरवा, कुठे कडकड लागली की त्याच्या आधी थांबेल असा जाड पट्टा बांधा.

पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन त्रिकोणी आर्म) करा. पुढच्या नकल (ज्यात चाकाचा हब बसतो ते भाग) दुसऱ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या घेणार असाल तर सावध, तिथे ड्राइव्ह शाफ्ट नसला तरी त्याचा बाहेरचा तुकडा आणि मोठा नट हबमध्ये राहिलाच पाहिजे. बऱ्याच गाड्यांत बेअरिंग त्या नटाच्या दाबानेच धरून ठेवलेलं असतं, तो काढला की बेअरिंग उघडतं आणि चाक निघून येऊ शकतं. नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा.

स्प्रिंग निवडताना लिव्हरचा हिशोब करा. शॉकअप आर्मच्या ६० टक्क्यांवर बसवला तर चाकाला मिळणारा कडकपणा ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ पट. ५० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाशी फक्त १८ ची होते. मोटरसायकलचे शॉकअप लावून बग्गी पोटावर बसते ती याच गणितामुळे.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, नायलॉक नट, आणि ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी धरणारे. भार बोल्टच्या गुळगुळीत भागावर यावा, आट्यांवर नाही.

१०. स्टिअरिंग आणि ब्रेक

स्टिअरिंगचा रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) ॲक्सलच्या मागून पुढे नेलात तर स्टिअरिंग उलटं चालतं, हे पिंजरा बनायच्या आधी कागदावर तपासा. स्टिअरिंगच्या दांडीला सरळ मागे ड्रायव्हरच्या छातीकडे आणू नका, मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट देऊन कोन द्या, म्हणजे धडकेत ती मागे घुसणार नाही. प्रत्येक जॉइंटचा कोन ३० अंशाच्या आत.

ब्रेकला दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, पुढचं एक मागचं एक. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नसेल तर पेडलच्या लिव्हरचं प्रमाण ६ ला १ च्या आसपास करा, गाडीचं मूळ बूस्टरवालं पेडल तसंच वापरलंत तर दगडावर पाय दिल्यासारखं वाटतं. डोनरचे मोठे पुढचे ब्रेक आता मागे आलेत, त्यामुळे मागची चाकं आधी लॉक होऊन बग्गी फिरते. मागच्या लाइनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा आणि मातीत तपासून सेट करा.

११. पट्टे, पेट्रोल, पाणी, वायर

पट्टे पाच पॉइंटचे. खांद्याचे पट्टे मागे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली बांधा, सीटच्या मागे जमिनीकडे ओढलेत तर धडकेत तेच पट्टे पाठीचा कणा दाबतात. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर.

टाकी पिंजऱ्याच्या आत, इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याची पक्की भिंत, टाकीच्या हवेच्या नळीला उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह. बॅटरीचा कट-ऑफ स्विच बांधलेल्या पट्ट्यातून हाताला येईल असा, आणि बाहेरच्या माणसालाही दिसेल असा.

रेडिएटर मागे ठेवला तर पाइप आखूड राहतात पण हवा कमी मिळते, म्हणून उंचावर ठेवा आणि पंखा मोठा घ्या. सिस्टिममधला सगळ्यात उंच बिंदू शोधून तिथे हवा काढायचा स्क्रू द्या, अडकलेली हवा हेडची गॅस्केट खाते. वायरिंग मूळ लूमचंच, नको ते एकेक काढत जा, प्रत्येक वायर काढल्यावर इंजिन सुरू करून बघा.

१२. पहिली चक्कर

पहिल्या दिवशी इंजिनच सुरू करू नका. बग्गी हाताने ढकला, ब्रेक मारा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, नळी कुठे ओढली जातेय का बघा. मग पहिल्या गिअरमध्ये सपाट जागेवर, हेल्मेट आणि पट्टे लावून, अग्निशामक घेतलेला दुसरा माणूस बाहेर उभा.

दहा मिनिटांनी थांबा आणि सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली असेल तर फिरलेला नट लांबून दिसतो. माझ्या बग्गीत पहिल्या तासात पुढच्या उजव्या आर्मचा एक आणि इंजिन माउंटचे दोन नट सरकले होते. पुन्हा अर्ध्या तासाने तपासा, पुन्हा एका तासाने. वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसते का बघा, रंगाला तडा गेलेला असेल तर तिथला रंग खरवडून खाली धातू तपासा. म्हणूनच मी पहिले दोन महिने पिंजऱ्याला फक्त पातळ फिकट प्रायमर मारून ठेवतो, गंजाचा लाल ओघळ त्यावर लगेच कळतो. उड्या मारायचं मैदान त्यानंतर.